उन्हाळा लागला की रेकॉर्डिंगमध्ये शिरणारा हम: कुठून येतो आणि कसा शोधायचा

मार्च संपत आला, घरोघरी खिडक्यांना कूलर लागले, की मला ठरावीक फोन यायला लागतात. "दादा, थंडीत रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ येत होतं. आता मागे सतत घूंऽऽ चालू असतं. माइक गेला का?" विचारणारा कधी इथल्या नागपुरातल्या मानेवाड्यातला गझल गाणारा मुलगा असतो, कधी महालातल्या जुन्या घरात तबला रेकॉर्ड करणारा, कधी गावाकडच्या मंडळासाठी खंजिरी भजनं रेकॉर्ड करून देणारा. फोन करण्याआधी बहुतेकांनी काहीतरी विकत घेतलेलं असतं. नवी केबल, दुसरा माइक, एखाद्याने तर उधारीवर नवा इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा. तो घूंऽऽ, म्हणजेच हम, मात्र तसाच. मग जूनमध्ये पाऊस पडतो, आवाज आपोआप कमी होतो, विषय मागे पडतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच.

माइक बिघडला तर तो खरखरतो, आवाज दबतो, नाहीतर पूर्ण बंद पडतो. एकसुरी, न थांबणारा हम माइकच्या बिघाडातून क्वचितच येतो. तो येतो घरातल्या विजेतून. म्हणून माझी पहिली विनंती: हम कुठून येतो हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. शोधायला लागतो तो एक निवांत तास आणि थोडा धीर.

मी गृहीत धरतो की तुमच्याकडे घरगुती स्टुडिओचा नेहमीचाच संसार आहे: लॅपटॉप, यूएसबीवरच चालणारा एकदोन माइकचा छोटा इंटरफेस (फोकसराईट स्कार्लेट सोलो किंवा बेरिंजर यूएमसी २२ या जातीचा), एक कंडेन्सर माइक, हेडफोन, आणि जमलं असेल तर दोन छोटे मॉनिटर स्पीकर.

आवाज फाइलमध्ये आहे की फक्त स्पीकरमध्ये?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण अर्धे लोक इथेच चुकीच्या दिशेला जातात. कोणी गात-वाजवत नसताना अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग लॅपटॉपचा चार्जर काढा, मॉनिटर बंद करा आणि ती फाइल हेडफोनवर ऐका. फाइल स्वच्छ असेल आणि हम फक्त मॉनिटरमधून येत असेल, तर तुमचं रेकॉर्डिंग बिघडलेलं नाही. इंटरफेस आणि मॉनिटर यांच्यामधल्या जोडणीत दोष आहे. फाइलमध्येच हम असेल तर पुढचा शोध घ्यायचा.

फाइलमध्ये आहे असं ठरलं, की तो हवेतून माइकमध्ये शिरतोय की तारेतून, ते बघा. माइकचं तोंड खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे फिरवा. आवाज बदलला तर तो खोलीतला खरा आवाज आहे: कूलर, पंखा, शेजारच्या खोलीतला फ्रिज. तोंड कुठेही केलं तरी तसाच राहिला, आणि इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण (कंडेन्सर माइक याच विजेवर चालतो) बंद करून माइक मुका झाल्यावरही राहिला, तर तो विजेचा आहे.

आता त्याचा चेहरा बघू. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात ती शांत फाइल उघडा, निवडा आणि ॲनालाइझ मेनूतून प्लॉट स्पेक्ट्रम काढा, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे त्याचा आलेख. तिथे साइझ नावाचा आकडा १६३८४ करा. नेहमीच्या २०४८ वर खालच्या पट्टीतलं नीट वेगळं दिसत नाही. शिखरं कुठे उभी आहेत ते पाहा.

एकट्या ५० हर्ट्झला मोठं शिखर, वर फारसं काही नाही, आवाज जाड आणि गोल: जवळपासच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा विजेच्या तारेचं क्षेत्र केबलमध्ये किंवा गिटारच्या पिकअपमध्ये (तारांखालच्या चुंबकी वेटोळ्यात) शिरतंय. गिटार असेल तर ती हातात धरून जागेवरच गोल फिरा. एखाद्या दिशेला हम जवळजवळ नाहीसा होईल. १००, १५०, २००, २५० अशी शिखरांची रांग, आवाज कर्कश आणि भुणभुणता: अर्थिंग, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवे यांपैकी कोणीतरी. नेमकं १००० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत बारीक शीळ: यूएसबीतून येणारा डेटाचा आवाज, दुसरं पोर्ट, आखूड केबल किंवा स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब लावून बघा. मध्येच येणारं टिकटिक-डर्र: मोबाइल फोन, तो दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि सगळीकडे सारखा पसरलेला सूंऽऽ: हा हम नाही, गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवणारी कळ) फार वर आहे किंवा माइक गळ्यापासून लांब आहे.

आपल्या संगीताला हा हम जास्त का झोंबतो

ढोल-गिटारच्या गर्दीत थोडा हम दडून जातो. आपल्याकडे एक गळा, एक तानपुरा, एक पेटी. त्यात दडायला जागाच नाही. त्यात एक गोष्ट अशी आहे की जी फार कमी लोक ध्यानात घेतात, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे. ५०, १०० आणि २०० हर्ट्झ हा सूर पेटीवर शोधला तर तो पांढरी पाचच्या जवळ येतो, पण नेमका तिच्यावर नाही. अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांशाने चढा. आता पुरुष गायक काळी एकमध्ये गातोय असं धरा. त्याच्या षड्जापासून पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम. म्हणजे तुमच्या भूपाच्या किंवा भैरवाच्या मागे कोणीतरी सतत, आणि तोही थोडा चढा लागलेला, तीव्र मध्यम धरून बसलंय. वर १५० हर्ट्झचं शिखर असतं, ते त्याच षड्जाच्या कोमल रिषभाच्या किंचित वर पडतं. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर आणखी वाईट: तिचा षड्ज साधारण २०७.७ हर्ट्झचा, आणि हमचा २०० त्याच्या अगदी बाजूला, शुद्ध निषादाच्या थोडा वर. तानपुऱ्याचा षड्ज आणि हा परका सूर एकमेकांना घासून सेकंदाला सातआठ वेळा थरथर निर्माण करतात.

"सूर नीट लागलाय, पण ऐकताना कुठेतरी हलतोय" असं घरचे म्हणतात ना, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. गळ्यात दोष नसतो. एखाद्या नवशिक्या मुलीने आपला सूर कच्चा आहे असं समजून रडकुंडीला यावं आणि दोष चार्जरचा निघावा, हे मला सहन होत नाही. म्हणून हा हम "चालतंय, मिक्सिंगमध्ये काढू" म्हणून सोडू नका.

आणि मिक्सिंगमध्ये तो नीट काढताही येत नाही. माइकवरचं किंवा सॉफ्टवेअरमधलं ८० हर्ट्झचं लो-कट (त्याच्या खालचे सूर कापणारी गाळणी) लावलं तर ५० जातो, पण १००, १५०, २०० तिथेच राहतात, आणि कानाला जास्त तेच ऐकू येतात. तेही छाटायला जावं तर डग्ग्याचा घुमारा आणि पुरुषी खर्ज त्याच पट्टीत असतात, त्यांचा जीव जातो. नॉइज रिडक्शन (गोंगाट पुसणारी सॉफ्टवेअरमधली सोय) जास्त लावलं की मींड आणि गमकेच्या कडा पाण्याखालून आल्यासारख्या ऐकू येतात.

चार्जर काढून बघा

रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि लॅपटॉपचा चार्जर उपटा. हम त्याच क्षणी गेला तर आरोपी सापडला. मला भेटलेल्या घरांत सगळ्यात जास्त वेळा हेच उत्तर निघतं.

असं का होतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. दोन पिनांच्या चार्जरमध्ये आतला उच्च-वारंवारतेचा गोंगाट दाबायला एक छोटा कपॅसिटर असतो. त्याच्यामधून अगदी थोडा प्रवाह मेन्सकडून, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्याकडून, लॅपटॉपच्या बाजूला झिरपत राहतो. त्यामुळे लॅपटॉपची धातूची बॉडी जमिनीच्या मानाने शंभरेक व्होल्टवर तरंगत असते. प्रवाह अतिशय कमी असतो म्हणून मोठा शॉक बसत नाही, पण मनगट टेकवलं की मुंग्यांसारखं झिणझिणतं ते यामुळे. हा झिरपलेला प्रवाह जमिनीकडे जायला वाट शोधतो. मॉनिटरची तीन पिनांची वायर अर्थला जोडलेली असेल तर त्याला सगळ्यात सोपी वाट म्हणजे तुमच्या ऑडिओ केबलचं कवच. आवाज नेणाऱ्या तारेतूनच घरची वीज चालत जाते, आणि ती तुम्हाला ऐकू येते.

उपाय साधा आहे. रेकॉर्ड बॅटरीवर करा. दोन टेकच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या दोन फेऱ्यांच्या, मध्ये चार्ज करा. लॅपटॉप जुना असून बॅटरी टिकत नसेल तर त्याच कंपनीचा, तेवढ्याच व्होल्टेजचा तीन पिनांचा चार्जर मिळतो का बघा. मात्र तीन पिनांच्या चार्जरचा उपयोग तेव्हाच, जेव्हा भिंतीतल्या तिसऱ्या भोकात खरोखर अर्थ असेल. त्याबद्दल खाली सविस्तर.

सगळं एकाच पॉइंटवर

लॅपटॉप खिडकीजवळच्या पॉइंटवर, मॉनिटर दरवाज्याजवळच्या, इलेक्ट्रॉनिक तानपुरा तिसऱ्याच. प्रत्येक पॉइंटची अर्थची तार वेगवेगळ्या लांबीची, वेगवेगळ्या वाटेने बोर्डापर्यंत गेलेली. दोन टोकांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असला तरी ऑडिओ केबलमधून प्रवाह फिरायला तेवढा पुरतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

म्हणून एक चांगला, जाड तारेचा एक्स्टेंशन बोर्ड घ्या आणि स्टुडिओचं सगळं त्याच्यावर, तो बोर्ड एकाच पॉइंटवर. लोड जास्त होईल ही भीती नको: साधा ६ अँपिअरचा पॉइंट २३० व्होल्टवर १३८० वॉट देतो, लॅपटॉप, इंटरफेस आणि दोन छोटे मॉनिटर मिळून त्याच्या जवळपासही जात नाहीत. फक्त कूलर, प्रेस किंवा फ्रिज त्याच बोर्डवर लावू नका.

कॉम्प्युटर एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला असेल आणि टीव्हीला केबलवाल्याची तार असेल, तर ती तार काढून बघा. तिचं कवच बाहेर कुठेतरी अर्थ झालेलं असतं, म्हणजे घरात दुसऱ्या बाजूने दुसरा अर्थ आला. हे लोकांच्या डोक्यातच येत नाही, आणि तार उपटली की हम एकदम गप्प होतो.

केबलचंही बघून घ्या. इंटरफेस ते मॉनिटर टीआरएस जॅकची, म्हणजे टोकाला दोन काळ्या रेघा असलेली बॅलन्स्ड केबल वापरा. तिच्यात एकच आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो, वाटेत शिरलेला हम दोन्हींत सारखा असतो, आणि दुसऱ्या टोकाला वजाबाकीत तो कटतो. एकच रेघ असलेल्या किंवा आरसीएच्या केबलला ही सोय नाही. बर्डीवरच्या बाजारात कराओके माइकसोबत एका टोकाला एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा गोल जोड) आणि दुसऱ्या टोकाला साधा जॅक असलेली केबल देतात. ती रेकॉर्डिंगला वापरू नका, दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेलीच घ्या.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा तालमाला (इलेक्ट्रॉनिक तबला) थेट इंटरफेसला जोडत असाल तर तिचा ॲडॉप्टर हाही संशयित आहे. गायकाला तानपुरा हेडफोनमध्ये द्या. फोनवरच्या ॲपमधला चालतो, फोन फक्त एअरप्लेन मोडवर ठेवा. रेकॉर्डमध्ये तानपुरा हवाच असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स लावा. आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, दोन्हीकडच्या आवाज नेणाऱ्या तारा एकमेकींना जोडल्याच जात नाहीत. बजेटमधल्या स्टुडिओत माइकनंतर माझ्या मते ही सगळ्यात कामाची वस्तू आहे.

उन्हाळ्यातच का?

वरचं सगळं केलं, तरी एप्रिल-मेमध्ये हम परत येतो आणि पावसात जातो. हे ऋतूचं गणित ज्यांच्याकडे आहे त्यांनी अर्थिंगकडे बघावं.

घराचा अर्थ म्हणजे शेवटी जमिनीत पुरलेली पाइप किंवा पत्रा. पाइप साधारण अडीच मीटरची, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर एक छोटा चेंबर. ही पाइप वीज जमिनीत सोडते ती मातीतल्या ओलाव्याच्या जोरावर. माती कोरडी पडली की तिचा रोध वाढतो. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा ४५ च्या वर, नवतप्यात (मेअखेरीपासूनच्या नऊ कडक दिवसांत) जमीन तापून निघालेली, आणि काळी माती तर सुकली की आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाइपेला चिकटलेली माती पाइपेपासून सुटते. डिसेंबरमध्ये ठीक असलेला अर्थ मेमध्ये नावापुरता उरतो.

त्याच वेळी घरात गळणारी वीज वाढते. कूलरचा पंप पाण्यात बुडालेला असतो, त्याचं इन्सुलेशन म्हातारं झालं की थोडा प्रवाह कूलरच्या पत्र्यात उतरतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, प्रत्येकातून थोडाथोडा प्रवाह अर्थच्या तारेत येतच असतो. मोरीचं तोंड तुंबलं की घरभराचं पाणी मोरीतच साचतं, तसं हे सगळं अर्थच्या तारेत साचतं आणि घराची अख्खी अर्थ काही व्होल्ट वर उचलली जाते. तुमच्या मॉनिटरची, तीन पिनांच्या चार्जरची, सगळ्यांची बॉडी तिच्यासोबत वर जाते. मग केबलवाल्याची तार, ऑडिओ केबल, ओली फरशी, जिथून वाट मिळेल तिथून ती उतरते.

तपासणी मल्टिमीटरने होते. तुम्हाला त्याची सवय नसेल तर पॉइंटमध्ये प्रोब घालू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा आणि त्याला नेमकं हे मोजायला सांगा: फेज-न्यूट्रल किती, फेज-अर्थ किती, न्यूट्रल-अर्थ किती; आणि हे सगळं कूलर व फ्रिज चालू असताना. पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे आणि तिसरा दोनतीन व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक आहे. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे दाखवून हलत असेल तर अर्थ तुटलेला आहे. जुन्या महाल-इतवारीतल्या घरांत पॉइंट तीन भोकांचा असतो पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. न्यूट्रल-अर्थ दहा-पंधरा व्होल्ट असेल तर खड्डा सुकलाय किंवा कुठेतरी जोड सैल आहे. आणि भरपूर लोड चालू असतानाही तो अगदी शून्य दाखवत असेल तर सावध व्हा: कोणीतरी पॉइंटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून ठेवलेले असू शकतात. बाहेर न्यूट्रल तुटला की त्या घरातल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. असं काही आढळलं तर स्टुडिओचं काम थांबवा आणि आधी ते दुरुस्त करून घ्या.

खड्डा सुकला असेल तर उपाय स्वस्त आहे. चेंबर उघडा, एकदोन बादल्या पाणी हळूहळू मुरवा. फरक पडायचा असेल तर त्याच संध्याकाळी कळतो. न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजा आणि अर्ध्या मिनिटाची शांत फाइल पुन्हा रेकॉर्ड करा. फरक पडला तर मार्च ते जून दर चारआठ दिवसांनी पाणी घालायची सवय लावा. फ्लॅटमध्ये खड्डा सोसायटीचा असतो, मीटररूमच्या आसपास. सोसायटीच्या सेक्रेटरींना एकट्या रेकॉर्डिंगसाठी सांगितलं तर ते हसतील, म्हणून कूलरच्या करंटबद्दल सांगा. ते खरंही आहे आणि जास्त महत्त्वाचंही. पाणी घालूनही फरक नाही तर पाइपेच्या डोक्यावरचा नटबोल्ट बघायला सांगा. मिठामुळे लोखंड गंजतं आणि जोड सुटतो. पाइपच खाऊन गेली असेल तर नवा खड्डा करावा लागतो.

काही जण स्टुडिओपुरती वेगळी सळई गच्चीखाली ठोकून तिचा अर्थ आणायला निघतात. तसं करू नका. घरचा अर्थ एक आणि स्टुडिओचा दुसरा, हे दोन्ही बोर्डात एकत्र जोडलेले नसतील तर तुम्ही स्वतःच्या हाताने सर्वांत मोठा ग्राउंड लूप तयार करता, आणि दोष आल्यावर फ्यूज-एमसीबी वेळेवर पडण्याची खात्रीही जाते.

तिसरी पिन कापू नका

इंटरनेटवर, मित्रांकडून, कधी दुकानातूनही हा सल्ला मिळतो: मॉनिटरची अर्थची पिन काढ, नाहीतर टेप लाव, हम जाईल. हम जातो, हे खरं आहे. लूप तुटतो म्हणून जातो. पण त्यासोबत तुमच्या आणि मेन्सच्या मधला एकमेव संरक्षक जातो. दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं गेल्याच्या बातम्या विदर्भात वाचायला मिळतात. घाम आलेला, पाय अनवाणी, फरशी ओली, ओठ माइकच्या धातूच्या जाळीला टेकलेले: गायकाची ही अवस्था विजेच्या दृष्टीने सगळ्यात असुरक्षित आहे. माझं कळकळीचं सांगणं आहे, एका स्वच्छ टेकसाठी कोणाच्या जिवाशी खेळू नका. लूप तोडायचाच असेल तर ऑडिओच्या बाजूने तोडा, डीआय बॉक्सवर त्यासाठी ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. विजेच्या बाजूने कधीच नाही. आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. तो पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो खराब आहे असं म्हणून बायपास करू नका. कूलरचा पंप काढून बघा.

बाकीचे छोटे आरोपी

पंख्याचा रेग्युलेटर. गोल बटण सलग फिरणारा असेल तर तो विजेची लाट कापून वेग कमी करतो आणि ते कापणं कर्कश भुणभुण म्हणून ऐकू येतं. पंखा पूर्ण बंद किंवा पूर्ण पाचवर केल्यावर आवाज गेला तर हाच. एक-दोन-तीन-चार असा टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवा, वायरमनचं दहा मिनिटांचं काम आहे. स्वस्त एलईडी दिवे आणि रंगीत पट्ट्या यांचाही असाच त्रास. बंद करून ऐका.

इन्व्हर्टर. लाइन गेली आणि घर इन्व्हर्टरवर गेलं की हम एकदम दुप्पट वाटतो, पंखेही घुमतात. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरमधून येणारी वीज कोनाकोनाची असते, तिच्यात ५० च्या वरच्या पटी भरपूर असतात. अशा वेळी लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर आणि हेडफोन एवढ्यावरच काम करा, मॉनिटर बंद. खरं तर घरगुती रेकॉर्डिंगची सगळ्यात शांत मांडणी हीच आहे, कारण तिच्यात भिंतीशी जोडलेलं काहीच नाही.

व्होल्टेज स्टॅबिलायझरचं मध्येच येणारं टक् आणि फ्रिज सुरू होतानाचा फट् हे हम नाहीत. टेक चालू असताना फ्रिज अर्धा तास बंद ठेवला तरी दूध नासत नाही, फक्त नंतर आठवणीने चालू करा.

कूलरचा स्वतःचा आवाज

हा विजेचा नाही, पण उन्हाळ्यात टाळता येत नाही म्हणून थोडक्यात. कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग होत नाही. कितीही चांगला माइक असो. खोली आधी गार करा, कूलर बंद करा, टेक घ्या, पुन्हा सुरू करा. पहाटे पाच ते आठ ही आपल्याकडची खरी वेळ: ऊन नाही, वर्दळ नाही, शेजारच्यांचेही बरेच कूलर तोवर बंद झालेले. कूलरच्या ओल्या हवेत तबल्याची पुडी ढिली पडून सूर उतरतो आणि कूलर बंद केल्यावर सुकत चढतो, तेव्हा प्रत्येक टेकआधी तबला मिळवून घ्या. कंडेन्सर माइक कूलरच्या झोतात उभा करू नका, आणि काम झाल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा. ओलावा बसला की तो तडतडायला लागतो.

आधीच रेकॉर्ड झालेल्याचं काय?

पुन्हा गाता येत असेल तर पुन्हा गा. येत नसेल, म्हातारे बुवा होते, ती मैफल परत होणार नाही, तर एवढं करा. भारतात ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखायची असते, त्यामुळे हम जागचा फारसा हलत नाही आणि अगदी अरुंद छाटणी पुरते. ५०, १००, १५०, २०० प्रत्येकावर खूप अरुंद नॉच (तेवढीच एक वारंवारता छाटणारी गाळणी) लावा, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून षड्ज ऐका. ज्या नॉचमुळे गळा पातळ झाला तो काढून टाका, तेवढा हम राहू द्या. नॉइज रिडक्शन लावायचंच तर त्याला शिकवायला गाण्याआधीचा शांत तुकडा लागतो, म्हणून यापुढे प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दहा सेकंद सगळ्यांना गप्प बसवा आणि ती दहा सेकंदं कधीही कापून टाकू नका. फाइलच्या नावात तारीख घाला. डिसेंबरची शांतता आणि मेची शांतता शेजारी ठेवून स्पेक्ट्रम बघितलात, तर पुढच्या वर्षी वायरमनला नेमकं काय सांगायचं ते तुमच्याकडे लिहिलेलं असेल.